कागदाविना विलायत

जुलै २०२५ मध्ये माझ्या भाचीची फाईल माझ्या टेबलावर येऊन पडली. "मामू, एकदा नजर घाला, काही राहिलंय का बघा," एवढे म्हणून ती निघून गेली. तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. अभ्यासक्रम एका वर्षाचा, फाईल मात्र जाडजूड. पासपोर्ट, दहावीपासून बी.एड.पर्यंतची गुणपत्रके, विद्यापीठाने पाठवलेले प्रवेशाचे पत्र, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोग नाही असा ठरावीक दवाखान्याचाच दाखला, आणि बँकेचा खातेउतारा. त्या खात्यात फी आणि नऊ महिन्यांच्या राहण्याखाण्याचा खर्च एवढी रक्कम सलग अठ्ठावीस दिवस पडून राहिली पाहिजे. सत्ताविसाव्या दिवशी जरी कमी भरली तरी अर्ज बाद!

काही दिवसांनी ती मुंबईला जाऊन फोटो आणि बोटांचे ठसे देऊन आली. माझी आई, म्हणजे तिची नानी, वयाने ऐंशीच्या पुढे. तिने विचारले, "दहाही बोटं घेतली? आमच्या वेळी अंगठा पुरायचा."

आई गमतीने बोलली, पण मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, माझे मन तिथेच अडकले. हे दहा बोटांचे प्रकरण आले कुठून? आले आपल्याच देशातून. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शल नावाच्या अंमलदाराने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला. पुढे कलकत्त्यात एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली दोन हिंदी माणसांनी, काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, हजारो ठशांतून नेमका एक ठसा कसा शोधायचा याची पद्धत बसवली. त्यातले गणित मुख्यतः अझिझुल हक यांचे. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातले पहिले बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मिळाले 'हेन्री पद्धत', आणि हक यांना मिळाली खानबहादुरी! मुंबईतल्या त्या वातानुकूलित खोलीत माझ्या भाचीने काचेवर दहा बोटे ठेवली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी बोटे ठेवावी लागलीच असती.

मग मनात आले, आपल्यातले जे आधी गेले ते कसे गेले? त्यांच्या फाईलमध्ये काय होते?

पहिल्यांदा आठवल्या अतिया फैजी. आम्हा जंजिऱ्याच्या बाजूच्या लोकांना हे नाव परके नाही. त्यांची बहीण नाझली बेगम जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांना दिलेली होती. अतिया यांचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलमधला. घराणे सुलेमानी बोहरा, मुंबईच्या तय्यबजी गोतावळ्यातले. १९०६ मध्ये त्यांना शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि सप्टेंबर महिन्यात त्या मुंबईहून लंडनला निघाल्या. प्रवेश होता मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. म्हणजे विषय माझ्या भाचीचाच, शिकवायचे कसे ते शिकणे, आणि महिनाही तोच.

त्यांना व्हिसा लागला नाही. पासपोर्टचीही सक्ती नव्हती. ब्रिटिश साम्राज्यातला प्रजाजन साम्राज्याच्या राजधानीत जात होता. बोटीचे तिकीट आणि पैसे असले की पुरे. परवानगी लागायची ती घरातली. एकोणतीस वर्षांच्या अविवाहित मुसलमान मुलीला समुद्रापार शिकायला पाठवण्याची परवानगी त्या काळी किती घरांतून मिळाली असती? आजही किती घरांतून मिळते, हा प्रश्न मी इथेच सोडून देतो. अतिया लंडनहून बहिणींना रोजनिशीवजा पत्रे लिहीत. ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापली जात, आणि पुढे 'जमाना-ए-तहसील' नावाने त्यांचे पुस्तक झाले. पडद्यातल्या हजारो स्त्रियांनी लंडनचे धुके, कॉलेजातले तास आणि तिथली माणसे या पत्रांतून पाहिली. मौलवी मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी १८९८ मध्ये काढलेले ते साप्ताहिक. मुली शिकल्या तर काय वाचतील, असे विचारणाऱ्यांना त्या जोडप्याने वाचायलाच दिले.

अतिया यांचा अभ्यासक्रम मात्र पुरा झाला नाही. १९०७ मध्ये तब्येतीच्या कारणाने त्या परत आल्या. येण्याआधी जर्मनीत हायडेलबर्गला गेल्या. तिथे तेव्हा इक्बाल जर्मन शिकत होते. त्या भेटींवर पुढे इतके लिहिले गेले की अतिया स्वतः कशासाठी गेल्या होत्या तेच लोक विसरले. ही मला नेहमी खटकणारी गोष्ट. बाई शिकायला गेली होती, आणि आपण तिला एका शायराच्या चरित्रातले पान करून टाकले.

अतिया निघाल्या त्याच्या आदल्याच महिन्यात, १९ ऑगस्ट १९०६ रोजी, त्यांच्याच गोतावळ्यातले बद्रुद्दीन तय्यबजी लंडनमध्ये वारले. मुंबईत त्या घराची परदेशी शिक्षणाची वाट पाडली ती बद्रुद्दीन यांच्या वडिलांनी, मुल्ला तय्यब अली यांनी. खंबायतहून मुंबईत आलेला हा व्यापारी. इंग्रजी शिकले की ईमान गेले, असे छातीठोकपणे सांगितले जात असताना या माणसाने आपले सातही मुलगे युरोपात शिकायला पाठवले! थोरले कमरुद्दीन १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले; असे होणारे ते पहिले हिंदी. बद्रुद्दीन १८६० मध्ये गेले तेव्हा वय वर्षे सोळा. सुवेझचा कालवा अजून खोदला जात होता. मुंबईहून आगबोटीने सुवेझ, तिथून आगगाडीने इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रिया, तिथून पुन्हा बोट. त्यांच्या सामानात पासपोर्टच्या जागी काय होते? हिंदुस्थानचे माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांच्या नावाने दिलेले ओळखपत्र. विलायतेत कुणाला तरी भेटून 'हा अमक्याचा मुलगा' असे सांगता आले की दरवाजे उघडत. ज्याच्यापाशी असे पत्र नाही त्याच्यासाठी ते बंदच. तेव्हा जुन्या काळी सगळे किती सोपे होते, असे म्हणणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे. कागद कमी होते हे खरे. पण जे होते ते बाजारात मिळत नव्हते.

बद्रुद्दीनना डोळ्यांनी दगा दिला. १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. वर्षभराने पुन्हा गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १८७४ मध्ये नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि इतरांबरोबर अंजुमन-ए-इस्लामची स्थापना, १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद, १८९५ मध्ये न्यायमूर्तिपद. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन दिला तो याच न्यायमूर्तींनी. आपल्या पाठ्यपुस्तकांत टिळकांचा खटला असतो, जामीन देणाऱ्याचे नाव क्वचितच.

नाखुदा रोगे आपले कोकणी. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. ज्या समाजाची माणसे पिढ्यान्पिढ्या जहाजांवर होती त्या समाजाला समुद्राचे भय कसले? हिंदू बांधवांना समुद्र ओलांडला की जात बाटण्याची भीती होती. १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेला निघाले तेव्हा मुंबईतल्या मोढ वाण्यांच्या जातपंचायतीने त्यांना जातीबाहेर टाकले. आपल्याकडे पंचायत नव्हती, प्रायश्चित्त नव्हते. उलट, इल्म मिळवायला चीनपर्यंत जा, या वचनाचा हवाला प्रत्येक निरोपसमारंभात दिला जाई, अजूनही दिला जातो. (मुहद्दिसांनी या वचनाची सनद कमजोर ठरवली आहे, हे मात्र समारंभात कुणी सांगत नाही.) तरीही आपली मुले कमीच गेली. अडवणारी गोष्ट समुद्र नव्हता. ताट होते, आणि ताटापलीकडे ईमानाची काळजी.

सर सय्यद अहमद खान यांचेच पाहा. १८६९ मध्ये ते हमीद आणि महमूद या दोन मुलांना घेऊन लंडनला निघाले, मुंबईहूनच. महमूद यांना केंब्रिजच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. बाकीच्यांचा खर्च सर सय्यद यांनी दिल्लीचे घर गहाण टाकून आणि कर्ज काढून उभा केला. निघण्याआधीच त्यांनी अहले-किताबांबरोबर, म्हणजे ख्रिस्ती आणि यहुदी यांच्याबरोबर, जेवणे जायज आहे असे सांगणारी पुस्तिका लिहून लोकांचे शिव्याशाप घेतले होते. लंडनमध्ये दिवसभर ग्रंथालयात बसायचे, विल्यम म्यूर याने लिहिलेल्या पैगंबरचरित्राला उत्तर लिहायचे, आणि ते छापायला मायदेशी मित्रांकडे पैसे मागायचे. मुलाच्या शिक्षणासाठी गेलेला बाप, आणि अलीगढच्या कॉलेजचा नकाशा मनात घेऊन परतला. महमूद पुढे अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

पैशाचा विषय निघालाच आहे तर इक्बाल यांचेही सांगून टाकतो. १९०५ च्या सप्टेंबरमध्ये तेही मुंबईहूनच केंब्रिजला गेले. खर्च केला थोरले भाऊ अता मुहम्मद यांनी. गांधींचा खर्चही थोरल्या भावानेच उचलला होता. आपल्या देशातली सर्वांत मोठी शिष्यवृत्ती देणारी संस्था कोणती, असे कुणी मला विचारले तर मी 'मोठा भाऊ' असे उत्तर देईन. तिच्या अर्जाचा नमुना नसतो आणि परतफेडीची मुदतही नसते. मात्र त्या भावाच्या बायकोच्या अंगावरचे किती तोळे यात गेले, याची नोंद कुठल्याच चरित्रात मिळत नाही.

मुंबईच्या अंजुमनच्या शाळेतून निघालेला एक मुलगा मात्र स्वतःच्या गुणांवर गेला. अब्दुल्ला युसुफ अली. १८९१ मध्ये मुंबई सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला, १८९५ मध्ये आय.सी.एस. त्यांनी केलेला कुराणाचा इंग्रजी अनुवाद आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. त्यांचा शेवट फार थोड्यांना ठाऊक आहे. डिसेंबर १९५३ मध्ये लंडनच्या थंडीत हा म्हातारा रस्त्यावर निराधार अवस्थेत सापडला आणि एकदोन दिवसांत वारला. परदेशी शिक्षणाच्या यशोगाथा सांगताना ही गोष्टही सांगावी असे मला वाटते. भाचीला मात्र सांगितली नाही. निघणाऱ्याला काय सांगायचे याचेही भान असावे लागते.

आता परवान्याकडे येतो. आज आपण असे समजतो की परवाना, शिक्का, सरहद्द या सगळ्या गोऱ्यांच्या क्लृप्त्या. तसे नाही. इब्न बतूता १३२६ मध्ये मिसरहून शामकडे निघाला तेव्हा कतया नावाच्या ठाण्यावर त्याने जे पाहिले ते वाचताना मला हसू आवरेना. मिसरमधून निघायचे तर परवाना, मिसरमध्ये शिरायचे तर परवाना. रात्री वाटेवरची वाळू सपाट करून ठेवायची आणि सकाळी अंमलदाराने येऊन पावलांचे ठसे उमटलेत का ते पाहायचे! ठसा सापडला की माणसाच्या मागावर घोडेस्वार. बोटांच्या आधी पावले होती, इतकाच फरक. त्या परवान्याला तिथे 'बराअ' म्हणत. आपल्या जुन्या मराठी दफ्तरांत पैशाच्या हुकमाला 'वरात' म्हणत, ती याच घराण्यातली. 'परवाना', 'दस्तक', 'राहदारी' हे शब्दही तिकडून आले आणि मराठीत असे रुजले की त्यांना आता कुणी पासपोर्ट विचारत नाही.

आपल्या किनाऱ्यावर परवान्याची खरी जाच झाली ती पोर्तुगिजांची. सोळाव्या शतकात त्यांचा 'कार्ताझ' घेतल्याशिवाय दाभोळ-चौलच्या बंदरांतून निघालेले जहाज अरबी समुद्रात सुरक्षित नसे. हजची जहाजेही त्यातून सुटली नाहीत. त्या कागदावर येशू आणि मरियम यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारात यावरून वाद झाला. असला कागद जवळ बाळगून हजला जायचे तर हज फर्ज उरते का? मखदूम-उल-मुल्क यांच्यासारख्या बड्या आलिमाने उरत नाही असा निर्वाळा दिला. तरी जाणारे गेलेच. विजापूरच्या आदिलशाहीने तर तहात ठरावीक कार्ताझ फुकट मिळवण्याची तजवीज केली होती. आज विद्यार्थी-व्हिसासाठी दोन सरकारे ज्या वाटाघाटी करतात त्या फार नव्या नाहीत.

विद्यार्थ्याच्या वाटेवर वाळू सपाट करायला सुरुवात झाली ती मात्र विसाव्या शतकात. आणि त्यात १९०६ हे साल पुन्हा पुन्हा येते. त्याच वर्षी जूनमध्ये विनायक सावरकर शिष्यवृत्ती घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने हिंदी माणसांनी दहा बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी असा वटहुकूम पुढे आणला. गांधींचा सत्याग्रह त्यातून उभा राहिला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गला हमिदिया मशिदीसमोर हजारोंनी आपली नोंदणीपत्रे जाळली. मोठ्या कढईत रॉकेल ओतून! जमलेल्यांत मुसलमान व्यापाऱ्यांची संख्या मोठी होती. रत्नागिरी-कुलाब्याकडचे आपले कोकणी लोक तेव्हा केप टाऊनला होते. तिथे १९०२ च्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला युरोपियन भाषेत अर्ज लिहून दाखवावा लागे. उर्दू, मराठी, अरबी येणारा माणूस तिथे निरक्षर ठरे. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल भाचीच्या फाईलमध्ये पाहिला तेव्हा मला तो कायदा आठवला. तुलना पूर्ण बरोबर नाही, हे मला कळते. विद्यापीठात शिकायचे तर तिथली भाषा यायलाच हवी. तरी आठवला.

लंडनमध्ये १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. हिंदी विद्यार्थी म्हणजे धोका, ही कल्पना त्याआधीच रुजत होती. १९०७ मध्ये ली-वॉर्नर समितीने लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी केली होती. १९०९ मध्ये इंडिया ऑफिसने विद्यार्थ्यांसाठी माहिती आणि सल्ल्याचे खाते काढले. त्यावर नेमणूक कुणाची झाली? टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांची. अलीगढला दहा वर्षे शिकवलेले, इस्लामच्या प्रसारावर सहृदयतेने ग्रंथ लिहिलेले, लाहोरला इक्बाल यांचे गुरू असलेले अर्नोल्ड! माणूस भला होता. पण विद्यार्थी त्या खात्याकडे हेरखाते म्हणूनच पाहत. सल्ला देणारा आणि पाळत ठेवणारा एकाच खुर्चीत बसला की भल्या माणसाचाही इलाज चालत नाही.

मग पहिले महायुद्ध. १९१७ मध्ये हिंदुस्थान संरक्षण कायद्याखाली पासपोर्टचे नियम आले आणि समुद्रमार्गे बाहेर जाणाऱ्याला पासपोर्ट आवश्यक झाला. युद्ध संपले, नियम राहिला. १९२० मध्ये त्याचा कायदाच झाला. त्याच वर्षी पॅरिसला राष्ट्रसंघाच्या परिषदेत पासपोर्टची वही कशी असावी याचा नमुना ठरला, आणि गंमत अशी की, ही व्यवस्था तात्पुरती आहे, पुढे जुने स्वातंत्र्य परत येईल, अशी आशा तिथे जमलेल्यांना होती. त्या आशेला शंभर वर्षे होऊन गेली.

'व्हिसा' हा शब्द आपल्या घरांत शिक्षणाच्या वाटेने आलाच नाही. तो आला फाळणीच्या वाटेने. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सुरू झाले आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसा. कामासाठी मुंबईहून कराचीला गेलेले चुलते एका रात्रीत परदेशी झाले. आईच्या फुफीची कराचीहून आलेली पत्रे मी लहानपणी वाचून दाखवत असे. त्यात खुशालीनंतर दुसरे वाक्य व्हिसाचे असायचे. मिळाला, नाही मिळाला, सहा महिने थांबा म्हणाले. अतिया फैजीही फाळणीनंतर कराचीला गेल्या आणि १९६७ मध्ये तिथेच, ओढगस्तीत वारल्या. ज्या बाईने बिनपरवाना लंडन पाहिले तिला आपल्या मुंबईला यायला व्हिसा लागला असता. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला आणि कुवेत, बहरीन, दुबईचा व्हिसा आला. रायगड-रत्नागिरीत 'व्हिसा आला' हे वाक्य मुलगा झाल्यासारखे सांगितले जाई. १९८३ च्या कायद्याने कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची अट आली, तेव्हा दहावी-बारावीला अचानक किंमत आली. आमच्या शाळेत वीस-बावीस वर्षांचे तरुण बाहेरून दहावीला बसू लागले. इतिहासाच्या पेपरसाठी नव्हे, पासपोर्टच्या एका शिक्क्यासाठी. मी त्यांना शिकवले आहे. त्यांतले काही उत्तम विद्यार्थी होते.

स्वतंत्र भारतात पासपोर्ट देणे-न देणे ही पुष्कळ वर्षे सरकारची मर्जी होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, परदेशी जाणे हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असे तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. परकीय चलनाचे वेगळेच. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा 'पी फॉर्म' भरल्याशिवाय तिकीट मिळत नसे. साठच्या दशकात अमेरिकेला गेलेल्यांच्या आठवणींत खिशातले आठ डॉलर हटकून येतात. तेव्हा पैसा बाहेर नेऊ देत नव्हते. आता पैसा दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत.

भाचीच्या खात्यातल्या पैशाची गोष्ट सांगतो. बापाची शिल्लक अपुरी. शैक्षणिक कर्ज काढायचे तर व्याज आले, आणि घरात त्यावरून दोन तट पडले. गरज असेल तर चालते म्हणणारे, आणि कदापि नाही म्हणणारे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना होती, ती २०२२-२३ पासून बंद झाली. शेवटी कुवेतच्या खालूंनी कर्ज-ए-हसना दिले. अठ्ठावीस दिवसांची मोजणी सुरू झाली आणि एकोणिसाव्या दिवशी खालूंच्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळाने अनामत मागितली. खालूंचा फोन आला तेव्हा ते पैशाविषयी एक शब्द बोलले नाहीत, हेच जास्त लागले. बहीण म्हणाली, काढून देऊ या. भाचीही तेच म्हणाली. खालूंच्या बायकोने, माझ्या धाकट्या बहिणीने, दोन पाटल्या मोडल्या आणि वर ताकीद दिली, "खात्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे." भाऊ बरा झाला, अल्हमदुलिल्ला. पाटल्यांची नोंद मात्र या वेळी झाली पाहिजे, म्हणून इथे लिहिली.

नावाचाही घोळ झाला. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव 'मोहम्मद', गुणपत्रकावर 'मोहंमद', पासपोर्टवर इंग्रजीत 'मोहद' असे तुटके. दाखला लिहिणाऱ्या कारकुनाने चाळीस वर्षांपूर्वी घाईत जे लिहिले ते आज तीन वेगळी माणसे होऊन उभे राहिले. आडनाव न लावणाऱ्यांचे हाल याहून वाईट. अमेरिकेच्या व्हिसावर अशांच्या पहिल्या नावाच्या जागी 'नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन अक्षरे छापून येतात! प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, पुन्हा प्रतिज्ञापत्र. ज्या पालकांची मुले आज पाचवी-सहावीत आहेत त्यांनी हे आजच दुरुस्त करून घ्यावे. एवढा मास्तरकीचा सल्ला माफ करावा.

ऑगस्टच्या मध्याला निकाल आला. मंजूर. पाठोपाठ कुरियरने पासपोर्ट आला. घरात सगळे गोळा झाले. आईने चष्मा लावला, बिस्मिल्ला म्हणून पासपोर्ट उघडला आणि एकेक पान उलटू लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी कोरी. पुन्हा पहिल्यापासून.

"शिक्का कुठाय?"

भाचीने सांगितले, नानी, आता शिक्का नसतो. जुलैपासून विद्यार्थ्यांना तो चिकटवायचा कागद देणे बंद केलंय. सगळं त्यांच्या संगणकात. विमानतळावर पासपोर्ट दाखवला की त्यांना दिसतं.

"आणि आपल्याला?"

भाचीने मोबाईल पुढे केला. आईने त्याकडे पाहिले नाही. पासपोर्ट मिटला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि माझ्याकडे दिला. म्हणाली, "तू वाचतोस ना सगळं, तू एकदा बघ. पानं चिकटली असतील."

मी पाहिली. पाने चिकटली नव्हती.